माझ्या नावाची मूठ

मला त्या ख्रिस्ती बायांनी बिघडवलं, असं आमच्या भाऊबंदकीत अजूनही बोललं जातं. मागच्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला गेले होते, तर एक चुलतकाकू माझ्या गालाला हळद लावता लावता शेजारणीला सांगत होती, "हीच ती. त्या टीचरबेनच्या नादी लागली होती ना, ती." माझी पन्नाशी आली, केस पिकले, शाळेत शिकवून शिकवून घसा बसला, आणि मी अजून नादी लागलेलीच. हळदीच्या अंगानं काय भांडणार, म्हणून तिथे हळद लावून घेतली. घरी आल्यावर मात्र ठरवलं, हे एकदा नीट लिहून टाकायचं. बिघडले असेन तर माझी मी बिघडले. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नाही, रेजिनाताईंनासुद्धा नाही.

हे सगळं चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधीचं. सुरतेत आमच्या वयाची माणसं अजून अशीच काळ मोजतात, प्लेगच्या आधी आणि प्लेगच्या नंतर. डिंडोलीत आमचं एका खोलीचं घर होतं आणि मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. संच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट दिवसभर चालायचा. लाइट गेली की तो थांबायचा आणि पाळण्यातली पोरं दचकून जागी व्हायची. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हां सगळ्यांना सवय लागली, आणि माझी ती अजून गेलेली नाही. नवरा म्हणतो, तू प्रेमानं बोललीस तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं. वाटू दे. दादा, म्हणजे माझे वडील, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये होते. त्यांची नखं कधी जांभळी असत, कधी हिरवी, आणि त्यावरून आम्ही ओळखायचो की बाजारात आता कुठल्या साड्या येणार. माय घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. गोंदाचा वास तिच्या हाताला इतका बसला होता की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीलाही तो थोडा यायचा. उडदाची डाळ, ती भाकरी, वर लसणाची चटणी. मला तो गोंदाचा वास धरूनच ती चव आठवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा चार भाषा आम्ही चपला बदलाव्यात तशा बदलायचो.

अशा आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, रेजिनाताई राहायला आल्या. त्यांच्यासोबत केरळच्या एक ग्रेसबेन होत्या, त्या दवाखान्यात नोकरी करत. रेजिनाताई वसईच्या. पहिल्याच दिवशी त्या नळावर येऊन चक्क मराठीत म्हणाल्या, "माझा नंबर कोणाच्या मागे?" तर बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नाव रेजिना, आणि बोलते आपल्यासारखी? कपाळाला कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. विधवा म्हणावं तर हातात बांगड्या. नन म्हणावं तर अंगात पांढरा झगा नाही, साधी सुती साडी. गल्लीला बाई कळायची तर तिला कुठल्या तरी खणात ठेवावी लागते, आणि ही कुठल्याच खणात मावेना. शेवटी आमच्या मोठीमायनं, म्हणजे दादांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, ठरवून टाकलं की बिचारीचं लग्न राहून गेलं असणार. मोठीमाय गप्प बसणारी नव्हे. मिलमधल्या एका बिजवराचं स्थळ घेऊन ती सरळ त्यांच्या दारात गेली. रेजिनाताईंनी तिला चहा दिला, स्थळाची सगळी माहिती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मोठीमाय, माझं लग्न राहिलं नाही. मी केलं नाही." मोठीमाय घरी येऊन दोन दिवस हेच घोकत होती.

रेजिनाताई एका संस्थेच्या होत्या. नाव सांगून उपयोग नाही, आम्हाला तेव्हाही ते धड उच्चारता येत नव्हतं. कॅथलिक लोकांची, पण पाद्री आणि नन्सची नव्हे, साध्या माणसांची. बऱ्याच देशांत पसरलेली. त्यातल्या बाया आपापली नोकरी करून पोट भरतात, चारचौघांत भाड्यानं राहतात आणि शिक्षण हेच आपलं देवाचं काम मानतात. रेजिनाताई सकाळी एका शाळेत शिकवायच्या आणि दुपारनंतर घरातच मुलींची अभ्यासिका चालवायच्या. आतल्या खोलीत मेरीमातेची एक तसबीर होती. तिच्यासमोर त्या दोघी पहाटे प्रार्थना करत, दार लोटून घेऊन. आम्हाला कधी कुणी हात जोड म्हटलं नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या पोरींना ब्रेड खिलवून बाटवतात असं सांगणाऱ्या माणसांनी त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आणि ब्रेड कुठला, आम्हाला मिळायचे ते कुरमुरे.

शनिवारी अभ्यास नसायचा. एका मुलीनं आपल्या घरातली एक वस्तू आणायची, तिच्याबद्दल माहीत आहे तेवढं सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी तिला प्रश्न विचारायचे. विचारल्याशिवाय उठायचं नाही. कुणी पाटा आणला, कुणी आजोबांची रेल्वेतली शिट्टी, कुणी बाळंतविडा. एकदा त्यांच्या संस्थेच्या पिलारबाई म्हणून स्पेनच्या एक म्हाताऱ्या बाई महिनाभर राहायला आल्या होत्या. त्यांचीही पाळी लागली. वस्तू काही नव्हती, त्यांनी स्वतःचे पायच पुढे केले. वाकडी झालेली बोटं. रेजिनाताई आम्हाला मराठीत सांगत होत्या: हिनं शाळेत जाऊ नये म्हणून बापानं हिचे बूट कपाटात बंद करून ठेवले, तर ही धाकट्या भावाचे बूट घालून गेली, तोकडे, वर्षानुवर्षं. आम्ही सगळ्या त्या बोटांकडे बघत बसलो. माझ्या डोक्यात एवढंच आलं की म्हणजे असे बाप तिकडेही असतात. मला त्याचा भयंकर राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

माझी पाळी श्रावणात आली. मी सुपात मूठभर गहू घेऊन गेले. कानबाई आठ दिवसांवर होती, म्हणून मी कानबाईच सांगितली. खानदेशातली आमची देवी. नारळाला नथ घालून, साडी नेसवून चौरंगावर बसवतात, बाया अहिराणीत गाणी म्हणतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यात बोळवतात. तिचे रोट असतात. त्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ गहू सुपात टाकायचा, मग तो दळून आणायचा. रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा, उरवायचा नाही. आणि आमच्या आबांचा, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्याचा, यावर आणखी एक कडक नियम: ज्याची मूठ ज्या घरात पडली, तो पुढच्या कानबाईपर्यंत त्या घरचा. दादांचे मधले भाऊ धनाकाका वेगळे निघाले तेव्हा त्यांची मूठ आबांच्या सुपात पडून गेली होती. आबांनी त्यांना वर्षभर वेगळं होऊ दिलं नाही, आणि तोवर त्यांचंही मन फिरलं. मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. शेवटी करुणा नावाची माझी मैत्रीण, तिचे वडील रेल्वेत होते, बौद्ध घरातली, तिच्याकडे असलं काही नव्हतं, तिनं सहज विचारलं, "मग यात तुझी मूठ कुठली गं?"

हा प्रश्न करुणाचा होता. रेजिनाताईंचा नव्हता. भाऊबंदकीनं हे एकदा कान उघडून ऐकावं. मीच उलट रेजिनाताईंकडे वळून म्हटलं, "ताई, तुम्ही सांगा." त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? घर तुझं, देवी तुझी. घरी जाऊन विचार." आणि कुरमुऱ्यांचा डबा काढला.

घरी वेगळंच शिजत होतं. मी दहावी पास झाले होते. अकरावीची मराठी शाळा पर्वत पाटियाच्या पुढे, रिक्षा बदलून जावं लागे. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. रेजिनाताईंनी हेडमास्तरांशी बोलून ठेवलं होतं, जागा होती, पण बाप स्वतः आल्याशिवाय मुलीचं नाव घालत नसत. दादा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. आमच्या दादांचं असंच होतं, मिलमध्ये सुपरवायझरपुढे आणि घरी आबांपुढे त्यांची मान खालीच. आबांनी मात्र ठरवलं होतं. कामरेजच्या एका घरचं स्थळ त्यांनी आणलं होतं. माणसं खानदेशचीच, तिकडे त्यांचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप. कानबाईच्या रविवारी ते लोक दर्शनाला येणार आणि देवीसमोरच शब्द द्यायचा. मी सोळा वर्षांची होते. कुणी मला विचारलं नाही, मायनं साड्यांच्या गठ्ठ्यामागून नुसतं सांगितलं, "निमा, रविवारले हिरवी साडी नेसजो."

मी दिवसभर जेवले नाही आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसले. तिथे आबा आले, मागे दादा. मी आतल्या खोलीत होते. आबांनी बसायलाही नकार दिला. म्हणाले, "बेन, आमच्या पोरीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा. आमच्यासमोर सांगा."

"मी नाही सांगणार," रेजिनाताई म्हणाल्या. "तुमची मुलगी आहे, तुम्ही सांगा. माझं दार मी बंद करणार नाही."

"मकानमालिक आपल्या ओळखीचा आहे. घर खाली करावं लागेल."

"करीन की. सामान तरी कुठे फार आहे."

त्या आवाज न चढवता बोलत होत्या. मला आठवतं ते एवढंच, की त्या वेळी त्या कांदा चिरत होत्या आणि चिरतच राहिल्या. दादा चपलांपाशी उभे होते. त्यांनी एकदा वर बघितलं, त्यांना आतल्या दारात मी दिसले, आणि त्यांनी पुन्हा खाली बघितलं. (घर रेजिनाताईंना पुढे खरंच सोडावं लागलं. दिवाळीच्या आत. त्या दोघी तिथून दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. त्यांच्या भांड्यांचं गाठोडं मी डोक्यावर घेऊन भर दुपारी आबांच्या ओट्यासमोरून गेले. दुसरा रस्ता होता. मी त्या रस्त्यानं गेले नाही.)

मुठी शनिवारी पडायच्या, आबांच्या घरी; खोल्या वेगळ्या असल्या तरी आमची कानबाई एकच. सगळी भाऊबंदकी जमली होती. पुरुष ओट्यावर, बाया आत. निवडलेल्या गव्हाचं पोतं उघडं, मोठीमाय पाटावर, पुढे मोठं सूप. ती नाव घ्यायची आणि मूठ टाकायची. आबांची, दादांची, धनाकाकांची, पोरांची. माझा भाऊ संजू तिथेच गोट्या खेळत होता, त्याची पडली. मग धनाकाकांचा नातू, मान न धरलेला, दुपट्यात झोपलेला, त्याची मूठ पडली तेव्हा सगळ्या बाया कौतुकानं हसल्या. मी पण हसले असते एरवी. त्या दिवशी मी विचारलं, "मोठीमाय, मनी मूठ?"

ती हसली. "पोरीसनी मूठ नही पडत, बाय."

"का?"

ओट्यावरून आबांचा आवाज आला. "पोर परका घरनी ऱ्हास. तुनी मूठ तुना सासरले."

"सासरी तरी कुठे पडते?" मी मोठ्यानं म्हटलं. संच्यांनी शिकवलेला आवाज, तो ओट्यापर्यंत काय, गल्लीपर्यंत गेला असणार. "मोठीमायची कुठे पडली? लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्यांच्या मुठी टाकते. तिची माहेरी नाही, इथेही नाही. मायची नाही. मग आम्ही राहतो तरी कोणाच्या घरात?"

माय म्हणाली, "गप ऱ्हाय, निमा." पण तोवर मी पोत्यात हात घातला होता. मूठ भरली, "निर्मला" असं स्वतःचं नाव घेतलं आणि सुपात टाकली. आणि कुणी काही करायच्या आत दोन्ही हातांनी सगळे गहू खालीवर केले. हे मात्र मी ठरवून केलं. वर नुसती पडलेली मूठ कुणीही उचलून घेतली असती.

आबा आत आले. लाल झाले होते. म्हणाले, तिची मूठ काढा. मोठीमायनं सुपाकडे बघितलं. गहू तो गहू, कुठला कोणाचा ते कसं सांगणार? आबा म्हणाले, मग सगळे फेकून द्या, नव्यानं टाका. तेव्हा मोठीमायनं सूप उचलून मांडीवर घेतलं. बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं आणि तेव्हाही दिलं असं तिला वाटत नव्हतं. ती फक्त जे खरं ते बोलली. "देवीना नावनं काढेल दाना मांगे नही जास. तुम्हीच सांगतस ना?" आणि उठून, "दळाले उशीर व्हई ऱ्हायना," म्हणत चक्कीकडे चालायला लागली. तिच्या मागे बाकीच्या बाया. खोलीत आबा आणि मी उरलो. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. आबांनी हात उचलला नाही. देवीच्या कामात ते फार कडक होते, आणि नियम त्यांचाच होता.

रविवारी कामरेजची माणसं आली. मी हिरवी साडी नेसले होते, माझं ऐकतो कोण. कानबाई चौरंगावर बसलेली, नाकात नथ, धुपाचा वास, गल्लीभर ढोल. पाहुण्यांना पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. त्यांना रोट वाढायचा नव्हता, तो घरच्यांचा. मुलाची आई चांगली बाई होती, मी तिच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला, देवीकडे बघितलं आणि आबांना म्हणाली, "मग पुढली कानबाई पोर आमच्याकडे करेल."

माय भाजी वाढत होती. माझी माय, जी काल मला गप ऱ्हाय म्हणाली होती. पातेल्यातून डाव वर काढत तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, "यंदा आमनी पोरनी बी मूठ पडनी."

त्या बाईचा घास हातात राहिला. "पोरनी? मूठ?" तिनं आबांकडे बघितलं. देवी समोर बसलेली. आबांना खोटं बोलता येईना. ते म्हणाले, हो, पडली. ती बाई पाणी पिऊन म्हणाली की मूठ पडली म्हणजे वर्षभर ती तुमच्या घरची झाली. देवीनं तुमची म्हणून मोजलेली पोर तिच्याच समोर आम्ही मागायची कशी? आमच्याकडेही हाच नियम आहे. त्यांनी देवीला नारळ वाढवला, आमच्या हातावर पेढे ठेवले आणि ते गेले. आबा ओट्यावर जाऊन बसले. भाऊबंदकीत तेव्हापासून सांगतात की माय भोळी, तिच्या तोंडून निघून गेलं. माझी माय भोळी नव्हती. पाहुणे गेल्यावर तिनं मला रोट वाढला, त्यावर तुपाची धार धरली, आणि ती धार तिनं नेहमीपेक्षा बराच वेळ धरली.

सोमवारी कानबाई बोळवली. मंगळवारी सकाळी मी एक रोट फडक्यात बांधून रेजिनाताईंकडे गेले. मला वाटत होतं, ही मूठ माझी आहे, तर ती मी कुणालाही देईन. त्यांनी फडकं सोडून बघितलं, वास घेतला आणि परत बांधलं. "हा तुमच्या कुळाचा. बाहेरच्यानं खायचा नाही. तूच सांगितलंस ना, सूप घेऊन आलीस तेव्हा?"

"मी देते आहे ना."

"तू देतेस, पण मी नाही खाणार. नियम तुला मोडायचा असेल तर तू मोड, माझ्या तोंडानं नको." मला राग आला. मग त्या म्हणाल्या, "तू खा. मी बसते इथे." ही ती बाटवणारी बाई.

मी त्यांच्या पायरीवर बसले, गल्लीकडे तोंड करून, मांडीवर फडकं पसरून, आणि खायला लागले. रोट जाड असतो, कोरडा खाताना घशात अडकतो. नळावरच्या बाया बघत होत्या. आबा सायकलवरून गेले, त्यांनीही बघितलं. मी चावत राहिले. तेवढ्यात मिलची रात्रपाळी संपवून दादा आले. नखं त्या दिवशी निळी होती. ते माझ्यासमोर थांबले. आबांची सायकल अजून गल्लीतच होती. दादांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फडक्यात उरलेल्या तुकड्याकडे. दादांनी हातातला जेवणाचा डबा माझ्या शेजारी पायरीवर ठेवला आणि आबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खाई ले लवकर. उरू देऊ नको. शाळा बारा वाजता बंद व्हस, नाव टाकाले जानं शे."